जाईबाईचे पाच किलोमीटर

हिमालयात न्यायच्या सामानात वत्सलाबाईनं सगळ्यात आधी काढली ती पत्र्याची पेटी. तिच्यामागोमाग तवा, परात, पिठाचा डबा, ताडपत्री आणि दोरीनं पाय बांधलेली एक कोंबडी. जाईबाईच्या ओट्यावर हा सगळा संसार मांडून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अंजलीला म्हणाली, "हे बघ बाई, चुलीचं मी काय आणलं न्हाई. तीन दगडं तिकडंच भेटतील. हिमालय म्हणल्यावर दगडाला काय तोटा?"

अंजली हसता हसता ओट्यावर बसलीच. "वच्छामावशे, कोंबडी कशाला?"

"अंडं नको का रोजचं? तूच म्हणतीस ना, तिकडं लई थंडी हाय."

जाईबाईनं गुपचूप कोंबडीच्या पायाची दोरी सोडली. हिमालयाच्या कटकटीतून सुटलेली कोंबडी मागं न बघता उकिरड्याकडे पळाली.

आता यात वत्सलाबाईची चूक तरी काय म्हणायची? घर सोडून जायचं म्हणजे सहा महिन्यांसाठी जायचं, एवढंच तिला आणि जाईबाईला ठाऊक होतं. दिवाळी आली की पाली गावातल्या कितीतरी घरांना कुलपं लागायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी, तवा, ताडपत्री, शेळी, लेकरं आणि कोंबड्या भरून माणसं ऊस तोडायला निघायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. बारा-पंधरा दिवसांसाठी गाव सोडायचं, आणि तेही काम नसताना, हे त्यांच्या बापजन्मात कुणी केलेलं नव्हतं. त्यामुळे नऊ किलोच्या वर सामान नको म्हटल्यावर वत्सलाबाईला वाटलं, पोरगी पिठाचंच वजन सांगतेय.

अंजली शेजारच्याच घरातली. लहानपणी आईबापामागं फडावर उसाच्या पाचटात झोपलेली पोर. पुढं वसतिगृहात राहून शिकली, बीडला कॉलेज केलं, कुणाचं न ऐकता उत्तराखंडात जाऊन डोंगर चढायचं शिक्षण घेतलं, आणि गेली पाच वर्षं तिकडच्या एका कंपनीत लोकांना बर्फाच्या डोंगरात नेऊन सुखरूप परत आणायची नोकरी करत होती. वत्सलाबाई अजूनही त्याला नोकरी म्हणायला तयार नव्हती. चालायचा पगार कोण देईल, हा तिचा सवाल होता.

यंदा अंजलीनं आपल्या सरांच्या गळी एक गोष्ट उतरवली होती. शहरातल्या पोरापोरींच्या तुकड्या दरवर्षी जातात, एक तुकडी ऊसतोड केलेल्या बायकांची नेऊ. खर्चाचं तिनं आणि जाईबाईच्या पोरानं, युवराजनं, आपसात काय ते ठरवलं. जाईबाई, वत्सलाबाई, मंगल आणि आता अंगणवाडीत लागलेली वर्षाराणी अशी चार नावं पक्की झाली. मे महिन्यात निघायचं, सहा दिवस चालायचं, आणि साडेबारा हजार फुटांवरची बर्फाची खिंड ओलांडून पलीकडं उतरायचं.

"आता ऐका," अंजली म्हणाली. तिनं परातीच्या पाठीवर खडूनं डोंगर काढला होता आणि त्यावर वाट. "हितं पहिला मुक्काम. तंबू आपल्या आधी लागलेले असतेत. गेलं की चहा तयार."

"कोण करतं चहा?" मंगलनं विचारलं.

"आचारी असतो सोबत. सकाळचा चहा, नाश्ता, जेवण, समदं तोच करतो."

"बाप्या माणूस?"

"हां. बाप्याच."

चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बर्फ, खिंड, उणे पाच तापमान हे सगळं त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं होतं. हे मात्र पचेना.

"मंग आमी काय करायचं?" जाईबाईनं विचारलं.

"चालायचं. बघायचं. आन् जेवायचं."

"अजून एकदा सांग."

अंजलीनं अजून एकदा सांगितलं. जाईबाईच्या अंगावर काटा आला, खोटं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती लहान पोरीसारखी हसत सुटली.

जाईबाईचं वय बावन्न. नवरा जाऊन तेरा वर्षं झाली होती. सव्वीस हंगाम तिनं ऊस तोडला, पहिली सतरा वर्षं नवऱ्याच्या जोडीनं, मग भावाच्या टोळीत. चार वर्षांपूर्वी युवराजला वीज मंडळात नोकरी लागली तेव्हा तिनं कोयता आढ्याला खोचला तो कायमचा. तोवर तिनं सांगली बघितली होती, कोल्हापूर बघितलं होतं, पार बेळगावपर्यंत जाऊन आली होती. आणि बघितलं काय, तर ऊस. ट्रॅक्टर थांबला की समोर फड, पहाटे उठलं की फड, परत निघताना तोडून मोकळा झालेला फड. कोल्हापूरची देवीसुद्धा तिनं कॅलेंडरावरच पाहिली होती. म्हणून अंजलीनं पहिल्यांदा फोनवर बर्फाचा डोंगर दाखवला, तेव्हा तिनं उंची विचारली नाही की थंडी विचारली नाही. डोळे बारीक करून ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हितं तोडायला काहीच न्हाई का गं?"

"बर्फात काय असणार मावशे?"

"मंग मला जायचंय. जिथं तोडायला काय न्हाई असं एक तरी ठिकाण मला बघायचंय."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. भाकरी थापताना खिंड, शेळीला पाणी दाखवताना खिंड. गावात कुणी "काय जाईबाई, कुठवर आलं?" विचारलं की ती थांबून पहिल्या मुक्कामापासून सांगायची. ऐकणाराच कंटाळून वाटेला लागायचा.

पण अंजलीच्या सरांनी होकार देताना एक अट घातली होती, आणि ती अट कुणाच्या बापाला चुकत नव्हती. पाच किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत. घड्याळ लावून, फोनमध्ये नोंद करून, ती नोंद रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची. जी पाठवणार नाही तिचं नाव कट. "डोंगरात कुणी दमलं तर अख्खी तुकडी अडकते," सर म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. अंजलीनं स्वतः दोन बहाद्दर पाठुंगळीवर घेऊन खाली आणले होते.

"पाच किलोमीटर?" वत्सलाबाई फुस्सकन हसली. "एवढं तर आमी रानात परसाकडं जायचो."

अंजलीनं गावापासून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माप घेतलं. जाऊन परत आलं की बरोबर पाच. सोमवारी पहाटे चौघी पातळाचे काष्टे मारून, युवराजनं आणलेले नवे बूट घालून उभ्या राहिल्या. गावातली निम्मी माणसं दात घासत बघायला आली होती. अंजलीनं शिट्टी मारली आणि चौघी निघाल्या.

वत्सलाबाई काटकुळी, तोंडानं सारखी बडबडत ती अडतीस मिनिटांत परत आली. मंगल एक्केचाळीस. वर्षाराणी त्रेचाळीस, आल्या आल्या मटकन खाली बसली. जाईबाई आली बावन्न मिनिटांनी.

तिला स्वतःलाच समजेना. दम लागला नव्हता. डॉक्टरनं तपासून ठणठणीत असल्याचा कागद दिला होता. पण पाय उचलतच नव्हते. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. कधी कमरेवर जात, कधी पदराशी चाळा करत. मान खाली जायची, नजर पायात अडकायची, आणि मागून येणारी पुढं निघून जायची.

"पहिलाच दिवस हाय," अंजली म्हणाली. "गुरुवारी परत करू."

गुरुवारी एकोणपन्नास मिनिटं लागली.

त्या दिवशी युवराज ड्युटीवर जायच्या आधी आईजवळ बसला. पोरगा मायाळू, पण त्याला धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय बोलायचं नाही ते समजत नसे. "आई, न्हाई जमलं तर न्हाई. जिवाला लावून घेऊ नको. तुला शिर्डीला नेतो. गाडी करून."

"शिर्डीला बर्फ हाय का?"

"न्हाई."

"मंग गप बस," जाईबाई म्हणाली आणि भांडी एवढ्या जोरात घासायला बसली की पातेल्याचा काठ वाकला. तिला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. आयुष्यभर जिला टोळीत कुणी मागं टाकलं नव्हतं, तिला तीन बायका आणि एक घड्याळ मागं टाकत होते. वत्सलाबाईनं बर्फाचा गॉगल घेतला होता. मंगलच्या पोरानं लोकरीची टोपी आणली होती. आणि आपण घरी राहायचं, बारा-पंधरा दिवस त्यांच्या दारातल्या तुळशीला पाणी घालायचं, हे चित्र तिला सहन होईना.

शुक्रवारी दिवस कलताना अंजली तिची समजूत काढायला निघाली, तर जाईबाई रानातून परत येताना वाटेतच भेटली. शेळीसाठी घासाचा भारा कापून तिनं बांधावर ठेवला होता. पदराची चुंबळ केली, एका झटक्यात भारा डोक्यावर घेतला आणि ती म्हणाली, "चल, बोलत बोलत जाऊ."

बोलणं राहिलंच बाजूला. दहा पावलं झाली नाहीत तोच अंजली मागं पडायला लागली. समोर जाईबाई चालली होती. चालली कसली, दुडक्या चालीनं पळत होती. मान ताठ, नजर लांब रस्त्याच्या टोकाला, एक हात वर भाऱ्याला, दुसरा लयीत पुढं-मागं. भारा पाण्याच्या घागरीसारखा स्थिर होता. अंजलीनं मनगटावरचं घड्याळ लावलं आणि ती पळायला लागली. पर्वतात लोकांना पाणी पाजणारी ती पोर घरापर्यंत पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"मावशे," ती ओट्याला टेकून म्हणाली, "अगं, ह्या चालीनं तू चाळीस मिनिटांत पाच करशील! तू मोकळी कशाला पळत होतीस?"

जाईबाईनं भारा उतरवला. तिलाही आत्ता उमगलं. सव्वीस वर्षं ती रिकामी कधी चाललीच नव्हती. फडातून गाडीपर्यंत मोळी घेऊन जायचं आणि परत येताना वाकून पुढच्या उसाला हात घालायचा. मोळी घेतली की पळायचं, कारण जड ओझं घेऊन हळू चालणारा लवकर मरतो, हे तिला पहिल्याच हंगामात सासूनं शिकवलं होतं. पायांना एवढंच माहीत होतं. डोक्यावर वजन आलं की ते सुटत आणि डोकं मोकळं झालं की बसायची वेळ झाली असं समजत.

"रविवारी भारा घेऊनच पळ," अंजली आनंदानं उड्या मारत होती. "नियमात कुठं लिवलंय ओझं नको म्हणून? मी व्हिडिओ काढते. सर बघतच राहतील!"

जाईबाईनं चुंबळ सोडून पदर झटकला.

"ओझं घेऊनच जायचं असतं पोरी, तर मला सांगली काय वाईट होती?"

अंजलीच्या उड्या थांबल्या. पण रविवार परवा होता आणि दुसरा उपाय कुणाजवळच नव्हता. शेवटी जाईबाईच म्हणाली, "बरं. बघू. घड्याळ चार्जिंगला लाव."

रविवारी सकाळी रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. गोष्ट गावभर झाली होती. युवराजनं सुट्टी काढली होती आणि तो आईपेक्षा जास्त घाबरला होता. वत्सलाबाई गॉगल घालून आली होती, कशासाठी ते तिलाच ठाऊक. अंजलीची स्कूटी मागून येणार होती आणि मागच्या सीटवर वत्सलाबाई फोन धरून बसणार होती. जाईबाईनं चुंबळ नीट बसवली, घासाचा बारा किलोचा भारा डोक्यावर घेतला, आणि शिट्टीची वाट न बघता निघाली.

पहिला किलोमीटर कधी गेला कळलं नाही. पायांना जणू जुनी मैत्रीण भेटली होती. दुसऱ्याच्या शेवटी अंजली मागून ओरडली, "सोळा मिनिटं! मावशे, सोळा!" रस्त्याकडेच्या बाभळी मागं जात होत्या, धरणावरून गार वारा येत होता, आणि घामानं भिजलेली जाईबाई पुढं बघत होती. आपण जमवतोय, हे तिला समजलं. आणि ते समजताच तिच्या मनात आलं की खिंडीतसुद्धा आपण अशाच जाणार, एक हात वर धरून. समोर एवढा मोठा डोंगर आणि आपला हात ओझ्याला. तिला एकदम संताप आला. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांचा म्हणा.

धरणाजवळ वळसा घातल्यावर, तिसरा किलोमीटर संपला तिथं, तिनं पळता पळता भारा धाडकन रस्त्याच्या कडेला टाकला.

"मावशे, नको!" अंजली किंचाळली.

"अगं भवाने, उचल तो भारा!" वत्सलाबाई स्कूटीवर उभीच राहिली, गॉगल नाकावर घसरला. "दोनच किलोमीटर राहिलेत! उचल गं!"

जाईबाईनं उचलला नाही. पहिल्या चार पावलांत पाय अडखळले. मान खाली जायला लागली. तिनं ती परत वर केली, अगदी भारा डोक्यावर असताना जशी होती तशी. एक हात अजून वरच होता, हवेत, कशालाही न धरता. लोकांनी बघितलं असेल तर हसले असतील, हसू देत. ती पायांशी मनातल्या मनात बोलायला लागली. चला रे. बसायची वेळ झाली न्हाई अजून. ओझं न्हाई म्हणून थांबायचं नसतं. चला.

आणि पाय चालले. आधी बिचकत, मग त्याच दुडक्या लयीत. चौथ्या किलोमीटरच्या पुढं तिचा वरचा हात आपोआप खाली आला आणि दुसऱ्यासारखा पुढं-मागं व्हायला लागला. अंग एवढं हलकं लागत होतं की तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, म्हणून ती ओरडली. काय ओरडली ते महत्त्वाचं नाही. वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली, पोरं शिट्ट्या मारायला लागली, आणि युवराज ड्युटीचे बूट घालून आईच्या शेजारी पळायला लागला. तो दोनशे पावलांत थकून मागं पडला. ती पळतच राहिली.

मारुतीच्या पाराजवळच्या रेघेवर ती पोचली तेव्हा अंजलीनं स्कूटी अक्षरशः सोडून दिली आणि घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

"त्रेचाळीस मिनिटं! त्रेचाळीस, वीस सेकंद!"

वत्सलाबाईनं जाईबाईला मिठीच मारली आणि "मला किती घाबरवलं गं तू" म्हणत तिच्याच पदरानं डोळे पुसले. युवराज लंगडत आला आणि आईच्या पाया पडला. जाईबाई पाराच्या कडेला बसली, आपल्या मोकळ्या हातांकडे तिनं एकदा बघितलं, आणि म्हणाली, "कुणीतरी जावा रे. शेळीचा घास पडलाय तिकडं."

दुपारी तिच्या ओट्यावर अंजली फोन घेऊन अर्ज भरायला बसली. नाव, वय, रक्तगट. बुटाचं माप. वत्सलाबाईच्या पेटीतून पीठ, परात आणि ताडपत्री कधीच घरी गेली होती. तवा मात्र तिनं अजून धरून ठेवला होता, त्या बाप्याला भाकरी येते की नाही कुणास ठाऊक म्हणून. एकेक करून चौघींचे अर्ज शेवटच्या प्रश्नापर्यंत आले.

"सामानाची बॅग रोज स्वतः पाठीवर घेणार, का खेचरावर द्यायची?"

"नऊ किलो?" मंगलनं तोंड वाकडं केलं. "त्याला खेचर कशाला? घेऊ की आपलं आपण."

"तेच तर," वत्सलाबाई म्हणाली. "एवढी मोठाली मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढलोय आमी. लाज वाटंल खेचराला द्यायला."

वर्षाराणीनंही मान डोलावली. अंजलीनं तिघींच्या नावापुढं 'स्वतः' लिहिलं आणि जाईबाईच्या नावावर आल्यावर विचारायचीही गरज नाही असं धरून तेच टाकायला लागली.

"थांब," जाईबाई म्हणाली. "ते खेचर धडधाकट असतं का?"

"असतं की. पायांत नाल, अंगावर झूल. त्याचा मालक लई जीव लावतो त्याला."

"जास्त ओझं न्हाई ना घालत त्याच्यावर?"

"न्हाई. त्याचं पण माप ठरलेलं असतं."

"मंग माझ्यापुढं खेचर लिही."

अंजलीनं लिहिलं. जाईबाई उठून आत गेली, शिंक्यावरची गुळाची ढेप काढून तिनं बत्त्यानं फोडली, आणि मूठभर खडे कागदात बांधून आणून नव्या बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवले. बॅगेत पहिली गेलेली वस्तू तीच.

"गूळ कशाला गं? तिकडं चहात साखर असती," वत्सलाबाई म्हणाली.

"माझ्यासाठी न्हाई," जाईबाई म्हणाली. "त्या खेचरासाठी हाय."